सेवा क्लबात माणसं येतात, पण टिकत का नाहीत?

जुना_सचिव (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

रोटरी, लायन्ससारख्या एका सेवा क्लबात मी गेली १९ वर्षं आहे. क्लबाचं नाव सांगत नाही, नाहीतर चर्चा नावावरच घसरेल. तीनदा सचिव झालो, एकदा खजिनदार. अध्यक्षपद दोनदा टाळलं. त्यामुळे हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि थकलेल्या ड्यूज (सदस्यांची वर्गणी) या तिन्हींशी माझा घरोबा आहे.

परवा क्लबाचं कपाट आवरताना इंडक्शनचे (नव्या सदस्यांना दाखल करून घेण्याचे) जुने फोटो हाती लागले. बिल्ला लावून घेताना हसणारे कितीतरी चेहरे. त्यातले निम्म्याहून जास्त आज क्लबात नाहीत. भांडून गेलं असं कुणीच नाही. आधी एक मीटिंग चुकली, मग तीन. मग ड्यूजच्या निरोपाला उत्तर येईना. जूनअखेर आम्ही यादीतून नाव कमी केलं, आणि जुलैत नवे अध्यक्ष पुन्हा 'मेंबरशिप ग्रोथ'चा आकडा घेऊन उभे राहिले. रांजण फुटका आहे हे कुणी बघत नाही, पाणी ओतायला माणसं वाढवतात.

मागच्या मीटिंगला मी गुपचूप घड्याळ लावून बसलो. एकूण वेळ १ तास ५० मिनिटं. स्वागत, गुच्छ, वाढदिवस, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, दोन पास्ट प्रेसिडेंटांची मनोगतं, आभार. चालू प्रकल्पावर बोलणं झालं १२ मिनिटं, आणि त्यातही निम्मा वेळ बॅनरवर फोटो कुणाकुणाचे घ्यायचे यावर.

एक तरुण फिजिओथेरपिस्ट आमच्याकडे आल्या होत्या. आठ महिन्यांत गेल्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "काका, मला वाटलं होतं कामाला बोलावताय. तुम्ही टाळ्या वाजवायला बोलावलंत." त्यांना काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

म्हणून हा धागा. कुणाच्या क्लबाने काही बदलून पाहिलंय का? 'तरुणांना आजकाल वेळच नसतो' सोडून दुसरं काही असेल तर लिहा. ते वाक्य मीच पुष्कळदा म्हटलंय.

---

गाँगवाला

सचिवसाहेब, धागा काढल्याबद्दल आभार, पण थोडा असहमत. मीटिंगमधला सोहळा अगदीच टाकाऊ नसतो. माणूस आधी ओळखीसाठीच येतो. फेलोशिप, म्हणजे आपसातला मेळमिलाफ, काढून टाकलीत तर उरेल ती फुकट काम करणारी कचेरी. तिथे कोण येणार?

बाकी तरुणांना वेळ नसतो हे खरंच आहे. (तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो.)

---

जीर्ण_कागद

गाँगवाल्यांचं पहिलं म्हणणं इतिहासाला धरून आहे, म्हणून थोडं मागे जातो.

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आणि त्यांचे तीन ओळखीचे एका कार्यालयात जमले, तेव्हा सेवा हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. मोठ्या शहरात एकटं वाटतं, धंद्यातली विश्वासाची चार माणसं हवीत, एवढीच गरज. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं, म्हणून नाव रोटरी. सेवा मागाहून आली, आणि पहिलं मोठं सार्वजनिक काम होतं शिकागोत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली खटपट. फोटोला फारसा शोभणारा विषय नाही, पण लोकांची गरज तीच होती.

किवानीस हा असाच दुसरा क्लब १९१५ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाला तोही धंद्याची देवाणघेवाण करायलाच. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने लायन्सची मोट बांधली, ती मात्र नेमका हाच प्रश्न घेऊन: धंद्यासाठी जमणारी ही कर्तबगार माणसं समाजासाठी काही करतील का? पुढे ३० जून १९२५ ला हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात आल्या आणि अंधांसाठी काम करा असं थेट साकडं घातलं. तेव्हापासून दृष्टी हा लायन्सचा विषय झाला, तो आजतागायत.

म्हणजे आज आपण ज्याला 'परंपरा' म्हणतो ती कुणीतरी केलेली मोडतोडच आहे. ओळखीसाठी जमलेल्या लोकांना कुणीतरी काम दिलं आणि क्लब वाढले. तुमच्याकडे आता ओळखही नीट होत नाही आणि कामही मिळत नाही, असं मला धाग्यावरून दिसतंय. चूक असेल तर सांगा.

---

जुना_सचिव

@जीर्ण_कागद, चूक नाही. लागलं, पण चूक नाही.

---

तिसरी_घंटा

मी वेगळ्या बाजूने लिहिते. मी रोटरॅक्टमधून, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातून आले. अठरा ते तीस हे वय तिकडे मनापासून काम केलं. तिशी ओलांडली आणि नियमाप्रमाणे बाहेर पडले (ती वयाची अट २०२० मध्ये उठली, माझ्या नशिबात नव्हती). मग मोठ्या क्लबाने अगदी प्रेमाने बोलावलं.

पहिल्याच मीटिंगला कळलं की मी इथे 'युवा' आहे. रोटरॅक्टमध्ये मी रक्तदान शिबिराचा सगळा भार उचलायचे. रक्तपेढीशी बोलणं, जागा, नावनोंदणी, उरलेल्या सामानाचा हिशेब, सगळं. इथे मला सूत्रसंचालन दिलं. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा सूत्रसंचालन. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सरळ म्हटलं की मला बजेट द्या, माइक नको. सगळे हसले. विनोद वाटला त्यांना.

आणि वेळेबद्दल. दर आठवड्याला, कामाच्या दिवशी, दुपारी, जेवणासकट दीड तास. ही वेळ ज्याचं स्वतःचं दुकान किंवा दवाखाना आहे त्याला जमते. नोकरी करणाऱ्याला, लहान मूल असणाऱ्याला कशी जमणार? वेळ सगळ्यांकडे असतो हो, पण तुम्ही मागता तो नसतो. २०१६ मध्ये रोटरीच्या नियम ठरवणाऱ्या परिषदेने मोकळीक दिली: महिन्यातून दोनदा भेटलात तरी चालेल, ऑनलाइन चालेल, प्रत्यक्ष सेवेचं कामही मीटिंग म्हणून धरता येईल. आमच्या क्लबात हा नियम वाचून दाखवला गेला, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी त्याच वेळी मीटिंग भरली.

अवांतर: @गाँगवाला दादा, राग मानू नका, पण 'तरुणांना वेळ नसतो' हे तुम्ही कुठल्या तरुणाला विचारून लिहिलंत?

---

गाँगवाला

@तिसरी_घंटा ताई, नाही विचारलं. बरोबर पकडलंत.

---

हातचा_एक

खजिनदार बोलतोय, त्यामुळे रुक्ष लिहिणार.

सदस्य जाण्याचं एक कारण कुणी तोंडावर सांगत नाही, ते पैशाचं. रक्कम जास्त म्हणून माणूस जातो असं फार कमी वेळा होतं. रक्कम कशासाठी हेच त्याला कळत नाही. नव्या माणसाला वाटतं, मी भरतो ते सेवेला जातं. प्रत्यक्षात ड्यूजमधून आंतरराष्ट्रीय संस्थेचा वाटा, डिस्ट्रिक्टचा (परिसरातल्या क्लबांच्या गटाचा) वाटा, हॉलचं भाडं आणि जेवण भागतं. सेवेचे पैसे वेगळे मागितले जातात. वर्षातून चार वेळा पाकीट फिरलं की त्याला फसल्यासारखं वाटतं, आणि ते चूक आहे असं म्हणवत नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रशासनाचं खातं आणि सेवेचं खातं वेगळं ठेवायची शिस्त लायन्समध्ये आहेच, लोकांकडून जमवलेला पैसा क्लबाच्या स्वतःच्या खर्चाला वापरायचा नाही. आम्ही ती नुसती पाळत होतो, आता दाखवतो. दर महिन्याला एका पानावर दोन्ही खाती, ग्रुपवर. दुसरं, जेवण ड्यूजमधून काढलं. जेवायचं तो त्याचे पैसे देतो. यावर जेवढं वादळ झालं तेवढं निवडणुकीतही होत नाही.

आणि कागदी मेंबरांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. उद्दिष्ट पुरं करायला जूनमध्ये मेहुण्याचं, भाच्याचं, दुकानातल्या माणसाचं नाव घालायचं, ड्यूज अध्यक्षांनी स्वतः भरायच्या, वर्षभराने नाव आपोआप गळतं. पदक मात्र छातीवर राहतं. मी हे स्वतःच्या सहीने केलंय. रोटरीची सदस्यसंख्या गेली वीस-पंचवीस वर्षं बारा लाखांच्या आसपासच घुटमळतेय. एवढी माणसं दर वर्षी येतात आणि आकडा तिथेच, म्हणजे जवळपास तेवढीच जातात. जमाखर्च कळणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

---

उंबरठ्याआतून

मी कुठल्याच क्लबात नाही. तुमचे क्लब ज्यांच्याकडे 'प्रकल्प' करायला येतात, त्यातल्या एका निवासी संस्थेत काम करते. हा धागा वाचून खूप दिवसांनी लॉगिन केलं.

आमच्याकडे एकाच वर्षात तीन क्लबांनी मिळून पाच व्हीलचेअर दिल्या. गरज दोनची होती. दाराला उतार नव्हता, त्यामुळे पाचही आतच फिरत होत्या. उतार करून द्या म्हटलं तर एका अध्यक्षांनी विचारलं, "त्यावर नाव कुठे लिहिता येईल?" मला त्या माणसाचा रागही आला नाही. त्यांना वर्षअखेर अहवालात फोटो लावायचा होता, आणि उताराचा फोटो कसा लावणार?

आम्हाला काय हवं असतं ते सांगू? महिन्यातून एकदा येऊन हिशेबाच्या वह्या बघणारा कुणीतरी. नळ गळतोय तर कोणाला बोलवायचं हे सांगणारा. आजींना दवाखान्यात नेताना गाडीत शेजारी बसणारा. ही सगळी माणसं तुमच्या क्लबात आहेत: सनदी लेखापाल आहेत, इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत. ते आमच्याकडे येतात तेव्हा मात्र फक्त 'सदस्य' म्हणून येतात, रांगेत उभे राहतात आणि बिस्किटांचा पुडा देतात. डॉक्टरने बिस्किटं वाटायची आणि आम्ही डॉक्टर शोधत फिरायचं!

एका क्लबाचे एक निवृत्त काका अपवाद. ते दर गुरुवारी येतात, गेली सहा वर्षं. त्यांचा क्लब मधल्या काळात दोन वेळा आमच्याशी 'करार' करून विसरला. काका येतातच.

---

जीर्ण_कागद

@उंबरठ्याआतून यांचा प्रतिसाद या धाग्यावर सगळ्यात वर असायला हवा. रोटरीत सुरुवातीला एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचे, ती वर्गवारी मी आजवर निव्वळ धंद्यातली स्पर्धा टाळण्यापुरती समजत होतो. पण गावातलं प्रत्येक कौशल्य एका खोलीत जमा होणं ही केवढी मोठी गोष्ट होती! ते कौशल्य वापरायचंच राहिलं.

---

एकच_वर्ष

माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्या दुखण्याचं मूळ १ जुलै ते ३० जून हे अध्यक्षाचं एकच वर्ष.

मी अध्यक्ष होतो. पहिले दोन महिने पदग्रहणाच्या धुंदीत, पुढचे दोन डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या भेटीच्या तयारीत, शेवटचे दोन पुरस्काराचे अर्ज भरण्यात. मधल्या सहा महिन्यांत प्रकल्प. आता सहा महिन्यांत संपेल असं काम कोणतं? वाटप. वह्या वाटा, ब्लँकेटं वाटा, व्हीलचेअर वाटा. दाराचा उतार, वाचता न येणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं, बंद पडलेली विहीर, यांतलं काहीही एका अध्यक्षाच्या वर्षात मावत नाही. म्हणून ते कुणी हातीच घेत नाही. आणि आपल्या आधीच्या अध्यक्षाचा प्रकल्प पुढे चालवला तर 'तुम्ही काय केलंत?' असं विचारतात, हा माझा स्वतःचा अनुभव.

मग लगेच कुणीतरी म्हणेल की एका वर्षाच्या अध्यक्षांनीच पोलिओ हटवला. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दाही तोच आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओविरुद्धची मोहीम सुरू केली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंबरोबर जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा १२५ हून जास्त देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते. २००० सालापर्यंत संपवायचं ठरलं होतं, नाही संपला. तरी काम सोडलं नाही. रुग्ण ९९ टक्क्यांहून जास्त घटले, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान एवढ्या दोनच देशांत तो ठाण मांडून राहिला, आणि मोहीम चालूच आहे. या सगळ्या काळात जागतिक अध्यक्ष दर वर्षी बदलले. कामाला खुर्चीशी बांधलं नव्हतं, म्हणून ते टिकलं.

क्लबाच्या पातळीवर हेच करता येतं. अध्यक्ष दर वर्षी बदला, खुशाल बदला. पण प्रत्येक मोठ्या कामाला तीन वर्षांसाठी एक कामप्रमुख नेमा आणि त्याचा ठराव इतिवृत्तात घाला, म्हणजे नव्या अध्यक्षाला तो मोडायचा तर सभेत उभं राहून मोडावा लागेल. आमच्याकडे हा ठराव माझ्या वर्षात नापास झाला. दोन वर्षांनी पास झाला, मी सुचवलेला नव्हता म्हणून बहुतेक.

---

तिसरी_घंटा

@एकच_वर्ष, +१. शेवटच्या ओळीला आणखी +१.

---

कडू_कारलं

सगळे क्लब वाचवायलाच निघालेत, म्हणून विरुद्ध बाजू.

काही क्लब बंद पडलेले बरे. सरासरी वय सत्तर, काम नाही, फक्त सनद (क्लबाचं मान्यतापत्र) भिंतीवर. जवळच्या क्लबात विलीन व्हा, शिल्लक निधी एखाद्या चालत्या कामाला द्या, सुटा. राउंड टेबल या तरुणांच्या क्लबवाल्यांचं मला यासाठी कौतुक वाटतं. १९२७ मध्ये इंग्लंडात नॉर्विचला लुई मार्चेसी या तरुण रोटेरियनने ते काढलं, आणि चाळिशीला बाहेर पडायचं ही अट घातली. पुढे काही ठिकाणी वय वाढवलं, तरी तत्त्व तेच: म्हातारं झालं की जागा सोडायची. आपल्याकडे माजी अध्यक्ष हे आजीवन पद असतं आणि पहिली रांग राखीव असते.

---

गाँगवाला

@कडू_कारलं, वय झालं म्हणून माणूस बाहेर काढायचा? ते गुरुवारी येणारे काका निवृत्तच आहेत की. तुमच्या अटीत ते कधीच घरी बसले असते.

---

कडू_कारलं

@गाँगवाला, मान्य. रांग काढा, काका ठेवा.

---

मधली_पिढी

बदल म्हटला की 'क्लबाचं स्वरूप राहणार नाही' ही भीती नेहमी पुढे येते. त्यावर एक गोष्ट.

कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या रोटरी क्लबात सदस्य कमी पडायला लागले, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी तीन स्त्रियांना सदस्य करून घेतलं. घटनेत तेव्हा फक्त पुरुष. १९७८ मध्ये मुख्य संस्थेने क्लबाची सनदच काढून घेतली. क्लब काही मिटला नाही. बिल्ल्यावर फुली मारून ते 'माजी रोटरी क्लब' म्हणून भेटत राहिले, काम करत राहिले, आणि कोर्टात गेले. ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक त्या क्लबाच्या अध्यक्ष झाल्या. लायन्सनेही १९८७ मध्येच दार उघडलं, रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी. पुढे लायन्सच्या गुड्रुन इंग्वादोत्तिर २०१८ मध्ये आणि रोटरीच्या जेनिफर जोन्स २०२२ मध्ये जागतिक अध्यक्ष झाल्या.

सदस्य कमी पडतात म्हणून एका छोट्या क्लबाने केलेली खटपट, एवढीच ती होती. आज ज्या बायकांच्या जिवावर कितीतरी क्लबांचं निम्मं काम चालतं, त्यांना घेतलं तर क्लब बुडेल असं शहाणीसुरती माणसं शपथेवर सांगत होती.

---

हातचा_एक

@मधली_पिढी, फुली मारलेल्या बिल्ल्याचं माहीत नव्हतं. झकास.

@जुना_सचिव, एक व्यवहार्य सूचना. जुन्या क्लबाला एकदम वाकवू नका, मोडेल. सॅटेलाइट क्लब काढा, रोटरीत आठ माणसं पुरतात. लायन्समध्ये शाखा क्लब पाच जणांत होतो. त्यांची वेळ वेगळी, पद्धत वेगळी, मुख्य क्लबाच्या छत्राखाली. पटलं तर हळूहळू मोठा क्लबच त्यांच्या वळणावर जातो.

---

जुना_सचिव

सगळ्यांचे आभार. चार महिन्यांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं थोडं घडलंय.

हा धागा छापून बोर्ड मीटिंगला नेला. (नावं टोपणच होती, तरी दोघांनी 'हा कोण, तो कोण' यातच वीस मिनिटं घालवली.) सॅटेलाइट क्लब नामंजूर: 'क्लबात क्लब नको.' जेवणाचा विषय पुढे ढकलला. महिन्यातल्या चार मीटिंगांपैकी एक मात्र हॉलमध्ये घ्यायची नाही, कामाच्या जागी घ्यायची, एवढं एका मताच्या फरकाने पास झालं. ते एक मत गाँगवाल्यांसारख्याच आमच्या एका पास्ट प्रेसिडेंटांचं होतं. म्हणाले, गुडघा दुखतो पण हॉलमधल्या खुर्चीनेच जास्त दुखतो.

उंबरठ्याआतून ताईंचा प्रतिसाद वाचून आम्ही एका संस्थेत रिकाम्या हाताने गेलो आणि काय हवं ते विचारलं. त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग म्हणाल्या, इथल्या म्हाताऱ्या माणसांना उठा-बसायला, चालायला कुणी नीट शिकवत नाही. पडतात आणि मग अंथरूण धरतात.

मी त्या फिजिओथेरपिस्टना पुन्हा फोन केला. क्लबात या असं म्हटलंच नाही. शनिवारी सकाळी दोन तास, एवढंच. त्या तीन शनिवार आल्या, चौथ्याला दोन मैत्रिणी घेऊन आल्या. आता आमचे सहा सदस्य त्यांच्या हाताखाली असतात, त्यात दोन माजी अध्यक्ष. त्या सांगतात तसं आजोबांच्या कोपराला धरून चालवतात. कुणीही भाषण करत नाही, धाप लागलेली असते.

नवीन भांडण असं: परवा बोर्डात कुणीतरी म्हणालं, त्या तिघी सदस्य नाहीत, मग आपल्या कामात आपला बिल्ला न लावता कशा? दुसरं कुणी म्हणालं, ड्यूज न भरता बिल्ला कसा देणार? मी शनिवारी त्यांना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, बिल्ला टोचतो. आजींना धरताना लागेल त्यांना."

पुढच्या शनिवारी बघतो तर आमच्या सहापैकी चौघांनी बिल्ला काढून खिशात ठेवलेला. बोर्डात अजून हे कळलेलं नाही.

---

मधली_पिढी

खिशातला बिल्ला! फुलीपेक्षा सोपं.

---

उंबरठ्याआतून

सचिवकाका, उताराचं बघा तेवढं. आमच्या दाराचा अजून व्हायचाय.